घरी छापलेली छायाचित्रं कला महोत्सवात विकताना: दहा महिने आणि पाच महोत्सवांनंतर

गेल्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात मी तेरा इंची, दहा शाईंचा पिगमेंट प्रिंटर, म्हणजे रंगकणांच्या शाईचा, घरी आणला. त्याआधी तीन वर्षं पुण्यातल्या एका लॅबमधून प्रिंट काढून घेत होते. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि दोनदा मुंबई असे पाच कला महोत्सव केले. सगळे दोन ते चार दिवसांचे, मांडवात दहा बाय दहा फुटांचा स्टॉल. प्रिंटरबद्दलचे बहुतेक व्हिडिओ खोकं उघडल्यावर आठ दिवसांत केलेले असतात. मला हवी होती ती माहिती हंगाम संपल्यावरची, म्हणून ती आता लिहून ठेवतेय.

मी साताऱ्याची. पावसातले गड, जुन्या विहिरी, कासच्या पठारावरचं धुकं हे माझे विषय, बहुतेक कृष्णधवल. या कामाला कागद फार महत्त्वाचा, म्हणून सुरुवात कागदापासूनच करते.

पहिले दोन महिने मी चकचकीत कागद वापरला. घरी खिडकीपाशी धरला की काळा रंग खोल, गच्च दिसायचा, मन खूश व्हायचं. नाशिकला मांडवात लावला आणि प्रत्येक प्रिंटमध्ये दिवा दिसायला लागला. लोक चित्रासमोर उभे राहून मान वाकडी करून बघत होते. त्यानंतर हानेम्यूलेच्या फोटो रॅगवर गेले. 1584 पासून कागद करणारी ही जर्मन गिरणी आहे. कागद पूर्ण कापसाचा, चौरस मीटरला 308 ग्रॅम वजनाचा. यावर काळा तितका खोल येत नाही, हे मान्यच करायला हवं. पण उजेड उलटून डोळ्यात येत नाही, आणि धुक्यातला राखाडी रंग असा उतरतो की मूळ सकाळ आठवते. किंमत झोंबते. एक ए-थ्री प्लस, म्हणजे ए-थ्रीहून जरा मोठं, पान बिघडलं की दिवसभर रुखरुख लागते.

या कागदाला बारीक तंतू असतात. ते पानावर बसलेले असताना शाई पडली, की नंतर तंतू झडतो आणि काळ्या आभाळात पांढरा ठिपका राहतो. माझी पहिली सात-आठ पानं अशीच गेली. आता प्रत्येक पान प्रिंटरमध्ये घालण्याआधी तिरकं धरून, दाढीच्या नव्या मऊ ब्रशने वरून खाली दोनदा झाडते. तेव्हापासून ठिपका जवळजवळ नाहीच.

कापसाच्या कागदाचा खरा गुण मला कोल्हापूरला कळला. तिथे मी टेबलावर एक प्रत वेष्टणाशिवाय ठेवली आणि शेजारी चिठ्ठी लावली, ‘हिला हात लावा.’ एरवी प्रदर्शनात हात लावू नका असं लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक थबकायचे, माझ्याकडे बघायचे आणि मग अलगद बोट फिरवायचे. हात लावलेला माणूस क्वचितच लगेच पुढे जायचा. पुण्याच्या महोत्सवात एक सत्तरीपुढचे गृहस्थ आले. लिंबच्या बारामोटेच्या विहिरीचा फोटो होता, खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि वरून पडलेला उजेडाचा चौकोन. त्यांनी बोटाने दगडाची कड चाचपावी तसा कागद चाचपला आणि विचारलं, “ताई, मोट चालताना पाहिलीय का तुम्ही?” मी नाही म्हटलं. ते वाईकडचे. बैल उतारावरून खाली जाताना मोट वर कशी येते, ती थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, ओतताना कसा आवाज होतो, हे त्यांनी हातवारे करून दहा मिनिटं सांगितलं. मागे गर्दी झाली तरी मी त्यांना थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, “नातू न्यू जर्सीला असतो. बॅगेत बसेल असा आहे का यातला?”

बॅगेत बसेल का, हा प्रश्न मला हंगामभर ऐकू आला. त्यानेच माझी मापं ठरवली. सुरुवातीला माझा सगळा जीव मोठ्या, फ्रेम केलेल्या प्रिंटमध्ये होता. पाच महोत्सवांत त्या मोजून नऊ गेल्या. विकली गेली ती आठ बाय दहा इंची प्रिंट, अकरा बाय चौदाच्या माउंटमध्ये (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), मागे कडक बोर्ड, वरून पारदर्शक पिशवी. ती सपाट राहते, सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधे जाते, आणि गावातला कुठलाही फ्रेमवाला तिला पट्टी मारून देतो. हिची किंमत मी चौदाशे ठेवली. मोठ्या फ्रेमा मात्र लावायलाच लागतात. त्या लांबून माणसाला स्टॉलपर्यंत आणतात. एक मोठी भिंतीवर, तिचीच छोटी खाली खोक्यात, अशी मांडणी सगळ्यात चालली.

दुसरं म्हणजे लोक आपला मुलूख शोधत येतात. 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून रायगड, राजगड, प्रतापगड यांची विचारणा वाढल्याचं मला स्टॉलवर स्पष्ट जाणवलं. पण मुंबईत खोकं चाळणारी माणसं आधी मागच्या बाजूला ठिकाणाचं नाव वाचत होती. म्हणून आता मी प्रत्येक प्रिंटच्या मागे गाव, तालुका, महिना आणि वेळ लिहिते. ‘सुवेळा माची, राजगड, जुलै, सकाळी साडेसहा’ एवढं वाचल्यावर, तिथे जाऊन आलेला माणूस ती प्रिंट परत खोक्यात ठेवत नाही.

आता त्रास. नाशिकच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी चकचकीत कागदावर सहा प्रिंट काढल्या आणि रात्रीच काचेच्या फ्रेममध्ये बसवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काचेच्या आतून पांढुरका थर आला, जणू कुणी आतून हळू फुंकर घातलीय. वरून पुसून काही होईना. शाई हाताला वाळलेली लागते, पण तिच्यातला द्रावक पुढे कितीतरी तास बाहेर पडत राहतो आणि तो काचेवर बसतो. भरल्या स्टॉलमध्ये सहा फ्रेमा उघडून काचा पुसत बसले. तेव्हापासून नियम ठरलाय: प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवायचा, चोवीस तासांनी तो बदलायचा, आणखी एक दिवस जाऊ द्यायचा, मगच काच किंवा पिशवी. महोत्सवाच्या आधी आठ दिवस माझी छपाई बंद होते.

मुंबईच्या एका ठिकाणी मांडवाचं छत निळ्या ताडपत्रीचं निघालं. सकाळी दहाला ऊन वर आलं आणि माझे सगळे कृष्णधवल फोटो निळे दिसायला लागले. आयोजकांनी हात वर केले. भाच्याने जवळच्या बाजारातून पांढरं मांजरपाट आणलं, ते ताडपत्रीखाली सुतळीने ताणून बांधलं, तेव्हा कुठे गड गडासारखे दिसले. आता स्टॉल घेताना भाड्याच्या आधी मी छताचा रंग विचारते. स्वतःचे दिवेही नेते, रंग नीट दाखवणारे चार एलईडी, प्रत्येकी दहा वॅटचे, ना पिवळे ना निळसर. मंडपवाल्याच्या हॅलोजनवर भरवसा ठेवू नका.

प्रिंटरची तब्येत ऋतूप्रमाणे बदलते. एप्रिल-मे महिन्यांत इथली हवा कोरडी होते आणि वापर बंद असेल तर नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं, अडकतात. महोत्सव संपल्यावर मी तीन आठवडे त्याला हात लावला नाही, त्याचं फळ म्हणजे साफसफाईतच भरपूर शाई गेली, आणि ही शाई स्वस्त नाही. आता दर रविवारी एक छोटी रंगीत प्रिंट काढतेच. पावसाळ्यात उलट: कागद ओल धरतो, कडा वर उचलतात आणि प्रिंटरचं डोकं कडेला घासतं. कागद मी पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते आणि लागेल तेवढंच पान बाहेर काढते. आणि इन्व्हर्टर हवाच. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, अर्ध्यावर थांबलेली प्रिंट म्हणजे गेलेली प्रिंट.

स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, ही तक्रार नवीन घेणारे सगळेच करतात. प्रिंटरचा दोष नसतो. मी मॉनिटरचा उजेड निम्म्यावर आणला, कागदाच्या कंपनीने दिलेला प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे छापायचे हे सांगणारी फाइल) लावला आणि तक्रार संपली.

लॅबशी तुलना कराल तर नुसत्या पैशांच्या हिशेबात पहिल्या हंगामात मी अजून मागे आहे. प्रिंटर, शाईचा जादा संच आणि कागद मिळून लाखावर गेले, ते स्टॉलचं भाडं आणि टेम्पो वजा जाता भरून निघालेले नाहीत. वर्षाला वीस-पंचवीस प्रिंट काढणाऱ्याने लॅबकडेच जावं. मला परवडतं ते वेगळ्या कारणाने. एकच फोटो मी चार रात्री, चार तऱ्हांनी छापून बघू शकते. विहिरीच्या त्या फोटोत खालच्या पायऱ्या आधी नुसत्या काळ्या होत्या. अकराव्या प्रतीला त्यांच्यावरचं शेवाळ दिसायला लागलं. लॅबच्या काउंटरवर मी तिसऱ्या प्रतीलाच ‘ठीक आहे’ म्हणून घरी आले असते.

घासाघीस होते. “फोटोच आहे ना, बटण दाबलं की झालं,” असं ऐकायला मिळतं आणि दर वेळी लागतं. मी अशा माणसाला हातात प्रिंट देते आणि सांगते, की 1839 साली पॅरिसमध्ये फोटोग्राफी जाहीर झाली आणि 1854 मध्ये आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी होती, इतकी ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. पुढे आवृत्ती समजावते: या फोटोच्या या मापाच्या पंचवीसच प्रती निघतील, खाली डावीकडे पेन्सिलने 7/25, उजवीकडे सही. वहीत कुठली प्रत कुणाकडे गेली ते लिहिलेलं असतं, ती वही मी दाखवते. भाव मी कमी करत नाही. तीन छोट्या एकदम घेतल्या तर माउंटचे पैसे सोडते. पंचवीसवी प्रत गेल्यावर सव्विसावी काढायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. आधी घेतलेल्या माणसाशी तो दगा होईल.

बारीकसारीक: जाळीचे पॅनल एकमेकांना आणि मांडवाच्या खांबाला बांधा, तळाशी वाळूच्या पिशव्या ठेवा. कोल्हापूरला वाऱ्याने शेजाऱ्याचा अख्खा पॅनल आमच्यावर आला. संध्याकाळच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं, तेव्हा क्यूआर कोड दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर ठेवा आणि सुट्टे पैसेही. वही-पेन्सिल गळ्यात अडकवा, टेबलावर ती सापडत नाही.

सध्या बाहेर धो धो पाऊस आहे. ट्रंकेत एकोणचाळीस छोट्या प्रिंट माउंट करून तयार आहेत, नोव्हेंबरच्या स्टॉलचा अर्ज भरलाय. विहिरीच्या पायऱ्यांच्या चार प्रती उरल्यात. त्यातली एक मी वाईच्या त्या आजोबांच्या नावाने बाजूला काढून ठेवलीय. त्यांनी नेली ती नातवाची झाली, आणि स्वतःसाठी एक घ्यायला ते पुढच्या वर्षी येणार आहेत.