टॅरो डेकच्या जाहिरातीत मायनर कार्ड्स दिसत नसतील तर आधी ती मागा

टॅरो डेक म्हणजे भविष्य किंवा मनाचा कौल वाचायच्या ७८ चित्रपत्त्यांचा संच. त्याच्या जाहिरातीत हाय प्रीस्टेसचं कार्ड असतंच. मून असतो, स्टार असतो, डेथचा पांढरा घोडा असतो, आणि फुलांत बुडालेली एम्प्रेस. ही कार्ड्स देखणी करणं त्या मानाने सोपं. मधोमध एक व्यक्ती, मागे चंद्र नाहीतर खांब, भोवती नक्षी, झालं काम. मला ज्याने गंडवलं त्या विक्रेत्याने अशीच मेजर आर्काना, म्हणजे डेकमधली २२ मुख्य कार्ड्स, दाखवली होती, एकापेक्षा एक सरस. ७८ पैकी ५६ कार्ड्स मायनर असतात, म्हणजे स्वॉर्ड्स (तलवारी), कप्स (पेले), वाँड्स (काठ्या) आणि पेंटॅकल्स (नाणी) या चार गटांतली, आणि त्यातलं एकही धड दिसेल असं जाहिरातीत नव्हतं. व्हिडिओत एक हात गठ्ठा पसरतो, मायनर झरझर निघून जातात आणि कॅमेरा पुन्हा प्रीस्टेसवर येऊन थांबतो. तो तिथेच का थांबत होता ते डेक हातात आल्यावर कळलं.

वर्णनात लिहिलेलं असं: एका चित्रकर्तीने जलरंगात हाताने रंगवलेली ७८ चित्रं, मर्यादित आवृत्ती, सोबत छापील गाइडबुक, आणि रिव्हर्स, म्हणजे उलटं आलेलं कार्ड वेगळ्या अर्थाने, वाचणाऱ्यांसाठी मागची बाजू दोन्हीकडून सारखी. चित्रकर्तीचं फक्त पहिलं नाव होतं. ती निसर्गाच्या सान्निध्यात राहते, स्वप्नातून तिला प्रतिमा मिळतात, वगैरे वगैरे. पैसे आधी भरायचे, डेक छापून झाला की पाठवणार.

खोका उत्तम होता, हे सांगायला हवं. चुंबकाचं झाकण, कडांना सोनेरी मुलामा, कागदही जाड. खर्च कुठे केला होता ते लगेच समजत होतं. वरची पाच-सहा कार्ड्स जाहिरातीतलीच, तितकीच छान. मग स्वॉर्ड्स सुरू झाले.

एट ऑफ स्वॉर्ड्स हे कार्ड रायडर-वेट हा प्रसिद्ध डेक वापरणाऱ्या कुणालाही डोळे मिटून आठवेल. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बांधलेलं कापड, भोवती जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. पण तलवारींचं कुंपण पूर्ण नाही, पायही बांधलेले नाहीत, म्हणजे बाई चालायला लागली तर सुटेल. सगळा अर्थ त्या मोकळ्या जागेत आहे. माझ्या हातातल्या कार्डावर बाई होती, पट्टी होती, केस वाऱ्यावर उडत होते. तलवारी सहा. सातवी मुठीपासून सुरू होऊन खाली तिच्या झग्याच्या चुण्यांत विरघळून गेली होती. तिला तलवार म्हणावं की लेस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आठवी कुठेच नाही. कार्डाखाली नाव मात्र सुबक अक्षरांत: एट ऑफ स्वॉर्ड्स.

मग मी सगळ्याच डेककडे तसं बघायला लागले. फाइव्ह ऑफ कप्समध्ये तीन पेले सांडलेले आणि दोन पाठीमागे उभे असतात. काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्यांकडेच बघत बसतो, हे त्या कार्डाचं मर्म. इथे पाचही पेले उभे, पाचांतही फुलं, आणि पोरगी मंद हसतेय. हँग्ड मॅनच्या घोट्यासमोरून दोर जातो आणि हवेतच संपतो, त्यामुळे तो कशाला लटकलाय हे देवच जाणे. पेज ऑफ कप्स आणि पेज ऑफ पेंटॅकल्स यांचा चेहरा एकच. नीट पाहिलं तर क्वीन ऑफ वाँड्सचाही तोच. म्हातारं माणूस अख्ख्या डेकमध्ये नाही. हर्मिट, म्हणजे म्हातारा एकांतवासी, तोसुद्धा पंचविशीतला, नुसती दाढी पांढरी. हाय प्रीस्टेसच्या मागच्या दोन खांबांवर बी आणि जे ही रोमन अक्षरं असतात. इथे खांबांवर अक्षरांसारखं काहीतरी कोरलेलं होतं, पण ते कुठल्याच लिपीतलं नव्हतं. जाहिरातीतल्या लहान चित्रात ते नक्षीसारखं दिसलं होतं.

हे एआयने बनवलेलं होतं. एखादा डेक एआयचा असेल आणि विक्रेता तसं उघड लिहीत असेल, तर घेणं न घेणं ज्याचं त्याने बघावं. काहींना चालतं, मला चालत नाही. पण ‘जलरंगात हाताने रंगवलेलं’ म्हणून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

चित्रांवरून टॅरोची पारख करायची तर मायनरच का, हे जरा सविस्तर सांगते. पूर्वी बहुतेक डेक्समध्ये मायनरच्या अंकवाल्या कार्डांवर प्रसंग नसायचेच. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या डेकमध्ये आठ तलवारी म्हणजे आठ तलवारींची नक्षी, बस. पंधराव्या शतकाच्या शेवटाकडच्या इटालियन सोला बुस्का डेकमध्ये या कार्डांवरही चित्रं आहेत, पण तो अपवाद. १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी आर्थर एडवर्ड वेट यांचा डेक काढला. त्यात चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी प्रत्येक अंकाला एक प्रसंग दिला, आणि आज आपण ‘रायडर-वेट वाचतो’ म्हणतो तेव्हा बराचसा वेळ त्या बाईंचीच चित्रं वाचत असतो. त्यांना या कामाचे फार थोडे पैसे मिळाले, असं त्यांनी स्वतः एका पत्रात लिहून ठेवलंय. डेकच्या नावात प्रकाशक आला, वेट आले, त्या कित्येक वर्षं आल्याच नाहीत. तरी कार्डांच्या कोपऱ्यात त्यांची नागमोडी सही आहे, बघितली नसेल तर बघा.

म्हणून मायनरमध्ये लपवाछपवी चालत नाही. तिथे वस्तू मोजता येतात आणि माणूस काहीतरी करत असतो. ओझं वाहतो, नाव वल्हवतो, तलवारी चोरून पळतो. सेव्हन ऑफ स्वॉर्ड्समध्ये पाच तलवारी त्याच्या हातात आणि दोन मागे रोवलेल्या, ही वाटणी चित्रकाराला ठरवावी लागते. नवा चित्रकार प्रसंग पूर्ण बदलू शकतो. माणसांच्या जागी पक्षी काढेल, मार्सेयसारखी नुसती नक्षी ठेवेल, हरकत काहीच नाही. स्मिथबाईंचं थ्री ऑफ स्वॉर्ड्सचं तलवारींनी भोसकलेलं हृदयही सोला बुस्कामध्ये आधी दिसतं. जुन्यातून घेणं हा या कलेचा धर्मच आहे. पण घेतलेल्याचं पुढे काय केलं ते दिसावं लागतं, आणि किमान सात म्हटल्यावर सात असाव्या लागतात.

मी विक्रेत्याला लिहिलं. उत्तर गोडच आलं: ‘प्रत्येक कार्ड तुमच्या अंतर्ज्ञानाशी वेगळं बोलतं. तलवारी मोजू नका, त्या अनुभवा.’ मी चित्रकर्तीची कच्ची रेखाटनं मागितली. तीही कधी कोणी मागितली नसावीत, कारण त्यावर दोन दिवस शांतता आणि मग ‘ती तिची खासगी साधना आहे’. खरं काम केलेल्या माणसाकडे फेकून दिलेल्या कागदांचा ढीग असतो. थॉथ या दुसऱ्या प्रसिद्ध डेकसाठी चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस १९३८ ते १९४३ अशी पाच वर्षं रंगवत होत्या, आणि डेकची कल्पना ज्यांची होती त्या अॅलिस्टर क्रोली यांच्या सांगण्यावरून त्यांनी काही कार्ड्स पुन्हा पुन्हा केली. मॅगस या कार्डाच्या तर एकाहून जास्त आवृत्त्या आजही बघायला मिळतात. या विक्रेत्याच्या पानावर त्याच चित्रकर्तीच्या नावाने चार वेगवेगळे डेक एका वर्षात आले होते, सगळे म्हणे हाताने रंगवलेले. हे गणित पैसे भरण्याआधी घालता येतं. नाव शोधा, तिची इतर कामं शोधा, अर्धवट रंगवलेल्या कागदाचा एखादा तरी फोटो शोधा. तयार चित्रांशिवाय काहीच सापडत नसेल तर बहुधा चित्रकारही नाही.

तक्रार करण्याच्या बाबतीत मात्र खरी माहिती उपयोगी पडली, ती नीट लिहिते. खरेदीच्या मंचाकडे माझी पहिली तक्रार होती की चित्रं निकृष्ट आहेत, आत्मा नाही, एआयची आहेत. ती फेटाळली गेली. उत्तर साचेबद्ध: उत्पादन आवडलं नाही हे परताव्याचं कारण होत नाही. आणि एआयचं आहे हे मी सिद्ध कसं करणार? विक्रेता ‘नाही’ म्हणाला की विषय संपतो. कुणी चित्राकडे बोट दाखवून ‘बघा ना, कळतंय की’ म्हणू शकतं, पण तक्रार हाताळणाऱ्याला टॅरोतलं ओ की ठो कळत नसतं.

दुसऱ्या वेळी मी सुंदर, कुरूप, आत्मा, एआय हे सगळे शब्द काढून टाकले. फक्त मोजता येईल ते ठेवलं. ‘एट ऑफ स्वॉर्ड्स’ असं छापलेल्या कार्डावर सहा तलवारी, फोटो जोडला. जस्टिस आणि स्ट्रेंग्थ या दोन्हींवर रोमन आठ छापलाय आणि अकरा क्रमांकाचं कार्डच नाही. (वेट यांनी स्ट्रेंग्थला आठ आणि जस्टिसला अकरा केलं, त्याआधीच्या परंपरेत नेमकं उलट. दोन्ही क्रम चालतात, पण दोघांना आठ देणारी परंपरा मला तरी माहीत नाही.) मागची बाजू दोन्हीकडून सारखी नाही, चंद्रकोर एकाच टोकाला आहे, त्यामुळे कार्ड उलटं आहे की सुलटं हे उचलण्याआधीच दिसतं. छापील गाइडबुकच्या जागी स्कॅन करायचा चौकोनी कोड असलेली एक चिठ्ठी.

आणि त्या कोडमागची फाइल हा माझा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. तिच्यात ‘द फूल’ (मूर्ख) या कार्डाबद्दल लिहिलं होतं की कड्याच्या टोकाशी उभा तरुण, हातात पांढरं गुलाब, पायाशी पांढरा कुत्रा. हे १९०९ च्या कार्डाचं वर्णन आहे. माझ्या कार्डावर कडा नव्हता, गुलाब नव्हतं, कुत्र्याच्या जागी कोल्हा होता. चित्रं एकीकडून, मजकूर दुसरीकडून, आणि दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही. मी दहा कार्डांसमोर फाइलमधली दहा वाक्यं ठेवली.

यावर विक्रेत्याची भाषा बदलली. तक्रार मागे घेतलीत तर थोडे पैसे परत देतो, म्हणाला. हे मान्य करू नका. बऱ्याच ठिकाणी एकदा मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, आणि कबूल केलेली रक्कम येईलच याची हमी कुणीच देत नाही. मग त्याने डेक माझ्या खर्चाने भलत्याच देशातल्या पत्त्यावर परत पाठवायला सांगितलं, ज्याचा टपालखर्च डेकच्या किमतीच्या जवळपास जात होता. मधल्या काळात त्याच्या पानावरचं ‘हाताने रंगवलेलं’ जाऊन तिथे ‘जलरंगाच्या शैलीतलं’ आलं. मी पैसे भरताना पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. आधी सवयीने काढते, आता हट्टाने काढते. शेवटी कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ या कारणाखाली तोच तक्ता पाठवला, आणि टपालखर्च सोडून बाकीचे पैसे परत आले. बँकेला मुदत असते, त्यामुळे विक्रेत्याशी गोड गोड पत्रव्यवहारात ती घालवू नये.

अशा डेक्सच्या जोडीला दुसरा एक जुना प्रकारही असतो, खऱ्या चित्रकाराच्या डेकची चोरून छापलेली नक्कल. त्यात तलवारी बरोबर असतात, कारण चित्रं खरीच आहेत. तिथे कडा बघा. चित्र चारी बाजूंनी थोडं कापलेलं, खालच्या नावाची अक्षरं पुसट, रंग गडद आणि चिखल झालेले, आकार मूळ डेकपेक्षा लहान, प्रकाशकाचं नाव गायब. पुस्तकाऐवजी पुन्हा तोच चौकोनी कोड. चित्रकाराच्या स्वतःच्या पानावर त्याचा डेक कोण विकतं हे बहुधा लिहिलेलं असतं, दोन मिनिटांत खात्री होते.

मला फसवणाऱ्याचं ते पान आता बंद आहे. हल्लीच एका नव्या नावाच्या डेकची जाहिरात समोर आली. चित्रकर्ती वेगळी, रंगसंगती निळी, पण हाय प्रीस्टेसच्या खांबांवर तीच कुठल्याच लिपीत न बसणारी अक्षरं, त्याच क्रमाने. मायनर अर्थातच एकही नाही. मी त्यांना लिहिलं की स्वॉर्ड्सची एक्कापासून दश्शीपर्यंतची कार्ड्स पसरून एक फोटो पाठवाल का, तलवारी मोजता येतील असा. फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी सवलतीचा कोड आला.