मेल मर्जचं सर्टिफिकेट

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये मानधनावर संगणक शिकवते. गेल्या पावसाळ्यात 46 पोरांचे प्रत्येकी 1,200, म्हणजे 55,200 रुपये एका भामट्याच्या खात्यात गेले. गेले म्हणजे माझ्याच फोनवरून गेले. लिहायला इतके महिने लागले, कारण संगणकाची बाई फसली म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग कसं काय विचारतात. हसून झालं असेल तर पुढं वाचा.

आमची लॅब म्हणजे 18 मशीन, त्यातली 13 चालू. एकेका मशीनवर तीन-चार पोरं. नववीला मी शाळा सुटल्यावर तासभर वर्ड शिकवत होते आणि खरं सांगते, मस्त चाललं होतं. पोरं सुरुवातीला मथळा मध्यावर आणायला स्पेसबार बडवतात आणि नवं पान हवं असलं की एंटर दाबत सुटतात. मी त्यांना उलट्या पीसारखं दिसणारं ते बटण दाबायला लावायचे. मग लपलेले सगळे ठिपके आणि एंटरच्या खुणा पडद्यावर उघड्या पडतात. एका पोराच्या रंकाळ्यावरच्या निबंधात दोन पानांच्या मध्ये 23 एंटर निघाले. वर्ग खो-खो हसला, तोही हसला. त्यानंतर कंट्रोल एंटर एकदाच दाबायचं असतं हे मला कुणाला सांगावं लागलं नाही. मथळ्यांना स्टाइल लावली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते हे बघून एक मुलगी म्हणाली, "म्हंजे पुस्तकवाले असंच करत्यात व्हय?"

पालकांचा प्रश्न मात्र एकच असायचा, सर्टिफिकेट मिळणार का? त्यांचंही चूक नाही. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 शब्दांचं, शिवाय एमएस-सीआयटी. आपल्याकडं प्रत्येक घरात एक प्लास्टिकची फाइल असते आणि पोराचं नशीब त्या फाइलीत आहे अशी समजूत असते. माझ्या शिकवण्यातून त्या फाइलीत जाणारं काही निघत नव्हतं, आणि ते मलाही खुपत होतं.

जुलैच्या भर पावसात तो आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग, बोलणं लोण्यासारखं. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये चहा झाला. त्यानं सांगितलेलं निम्मं खरं होतं, हे आवर्जून लिहिते, कारण फसले मी त्या निम्म्यावर. मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशलिस्ट नावाचं प्रमाणपत्र खरंच असतं. त्याची परीक्षा सर्टिपोर्ट ही संस्था घेते, हेही खरं. 13 ते 22 वयाच्या मुलांची त्याची जागतिक स्पर्धा होते, तेही खरं. मी घरी जाऊन नेटवर शोधलं, सगळं जुळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण मी शोधलं ते प्रमाणपत्र. हा माणूस आणि त्याची राजारामपुरीतली वरच्या मजल्यावरची खोली यांचा त्या प्रमाणपत्राशी काय संबंध, ते शोधलंच नाही. सर्टिपोर्टच्या साइटवर अधिकृत परीक्षा केंद्रं शोधायची सोय आहे. पाच मिनिटांचं काम होतं.

आमच्या पोरांची ती परीक्षा तो घेणार होता. फी आधी 1,500 होती. "शाळेची पोरं म्हणून 1,200 करतो, मॅडम, पण बाहेर बोलू नका." बाहेर बोलू नका म्हटल्यावर तर मला वाटलं, केवढी सवलत! पैसे रोख जमा केले मी, वहीत नाव लिहून. त्याला पाठवले तीन वेळा, 20,000, 20,000 आणि 15,200. "संस्थेच्या खात्याचं काम बँकेत चालू आहे, तोवर माझ्या नंबरवर टाका." पावती मागितली तर दुकानात मिळतं तसलं छापील पावतीपुस्तक, वर रबरी शिक्का. नोंदणी क्रमांक नाही, काही नाही. शाळेकडून लेखी परवानगी मी घेतली नव्हती. मुख्याध्यापक "बघा, करा" म्हणाले होते, तेवढ्यावर गाडी हाकली. पुढं प्रकरण फुटल्यावर आमच्या शाळेच्या संस्थेच्या बैठकीत "ते मॅडमनी परस्पर केलं" असं एका वाक्यात आटोपलं. कागद नव्हता, त्यामुळं मी परस्परच केलं होतं.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर. साहेब आलेच नाहीत. विशीतला एक पोरगा झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आला. कागदावर 30 प्रश्न, चार-चार पर्याय. अक्षरं ठळक करायला कुठली की? सेव्ह करायला कुठली? पोरांनी बारा मिनिटांत पेपर टाकले आणि खिडकीतून पाऊस बघत बसली. एकही मशीन चालू केलं नव्हतं.

तिथंच माझ्या पोटात गोळा आला होता. खरी परीक्षा 50 मिनिटांची असते आणि ती वर्डमध्येच द्यायची असते, हे मी वाचलेलं होतं. समोर फाइल येते, तक्ता घाला, समास बदला, तळटीप द्या, अशी कामं येतात आणि ती करून दाखवायची असतात. 1000 पैकी 700 ला पास. निकाल परीक्षा संपल्या संपल्या पडद्यावर दिसतो. प्रत्येक पोराचं स्वतःच्या नावाचं खातं आधी उघडावं लागतं. यातलं इथं काहीच नव्हतं. मी त्या पोराला विचारलं तर म्हणाला, "हा थिअरी राउंड आहे, प्रॅक्टिकलला तुमचे इंटर्नल धरणार." आणि मी मान डोलावली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. शंका घेतली तर 46 घरांत जाऊन सांगावं लागलं असतं, म्हणून ती घ्यायचीच नाही असं मनानं ठरवलं असावं.

दसऱ्याच्या आधी सर्टिफिकेटं आली. मोबाइलवर एक झिप फाइल आणि सोबत जाड कागदावरची छापील प्रत. सोनेरी किनार, चमकणारा स्टिकर, दोन सह्या, क्यूआर कोड. हॉलमध्ये कार्यक्रम झाला, पाहुण्यांच्या हस्ते वाटप, फोटो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पोरांना मेल मर्ज शिकवायला घेतलं. एक पत्र टाइप करायचं, नावांची यादी वेगळी ठेवायची आणि वर्ड प्रत्येकाच्या नावाचं पत्र आपोआप करून देतं. पालकसभेचं निमंत्रण करत होतो. जिथं नाव यायचं तिथं दुहेरी कंसात फर्स्ट नेम असं दिसतं, यादी जोडली की त्या जागी खरं नाव येतं. मागच्या मशीनवरचा एक जण उठून आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, ह्ये कंस माझ्या सर्टिफिकेटवर हाईत."

दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला. नाव होतं त्याचंच. पण खाली बारीक अक्षरात, जिथं नोंदणी क्रमांक हवा, तिथं «रजिस्ट्रेशन_नंबर» असं कंसासकट छापलेलं. यादीशी तो रकाना जोडायचाच राहून गेला होता. सगळ्यांची सर्टिफिकेटं मागवली. 46 वर तोच कंस. शिवाय 46 जणांना गुणही सारखेच, 860. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण मी तर परीक्षेला आलोच नव्हतो. ताप आलता मला." तिलाही 860.

मग पोरांनीच तपास हातात घेतला. क्यूआर कोड उघडला, तर भलत्याच नावाची एक साइट. क्रमांक टाकायला चौकोन आणि खाली बटण. पोरांनी 1234 टाकलं, हिरवी बरोबरची खूण आली, व्हेरिफाइड. चार शून्यं टाकली, व्हेरिफाइड. एकानं कोल्हापूरचा पिनकोड टाकला, तोही पास झाला. मी संगणकावर पीडीएफची प्रॉपर्टीज उघडली. फाइल तयार केल्याची तारीख परीक्षेच्या दोन दिवस आधीची. आणि शीर्षकाच्या जागी मूळ फाइलचं नाव तसंच राहिलेलं, सर्टिफिकेट फायनल फायनल टू. पोरांच्या फाइलींची नावं अशी असली की मी गुण कापते.

फोन केला तर आधी "टेक्निकल एरर आहे, नवीन पाठवतो", मग "मीटिंगमध्ये आहे", मग बंद. राजारामपुरीतल्या खोलीला कुलूप. घरमालक म्हणाले, दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं, तुमच्यासारखे आणखी दोघं येऊन गेले.

पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, पण तीनशेअठरा माणूस असं कोण म्हणणार! 1930 या सायबर हेल्पलाइनवर मी फोन केला तो पैसे पाठवून तीन महिने उलटल्यावर. तो नंबर पहिल्या काही तासांत लावला तर खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता असते, मला मिळाला तो फक्त तक्रार क्रमांक. तुमच्याबाबतीत असं काही झालं तर लाज गिळून त्याच दिवशी फोन करा. आणि क्यूआर कोडवर जाऊ नका. सर्टिफिकेट ज्या संस्थेचं म्हणून सांगतात, तिच्या साइटचा पत्ता स्वतःच्या हातानं टाइप करून तिथं कोड तपासा. क्यूआर कोड छापणाऱ्याच्या मर्जीनं तो कुठंही नेतो.

पैसे मी माझ्या मानधनातून थोडे थोडे परत करते आहे. आतापर्यंत 19 घरं झाली. काहींनी घेतले नाहीत, काहींनी घेऊन चार शब्द सुनावले. दोन्ही ठीक.

ताप आलेल्या त्या मुलीची आई चप्पल लाइनीत एका दुकानात कामाला आहे. मी पाकीट घेऊन गेले तेव्हा तिनं सर्टिफिकेट लॅमिनेट करून गणपतीच्या फोटोशेजारी लावलेलं होतं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे पोरीला काय यीत न्हाई?"

म्हटलं, येतं. चांगलं येतं.

"मग तसं तुम्हीच लिवून द्या की."

माझ्या सहीला बाजारात किंमत नाही, हे सांगायचं तोंडावर आलं होतं, सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साध्या कागदाचं पत्र टाइप करायला बसले. हिला समास, स्टाइल, तक्ते, मेल मर्ज येतं, मी स्वतः शिकवलंय, असं चार ओळींचं. ती मुलगी मागं उभी राहून बघत होती. मी प्रिंटचं बटण दाबणार तेवढ्यात तिनं पुढं वाकून ते उलट्या पीचं बटण दाबलं. तारखेच्या आधी ठिपक्यांची लांबलचक रांग.

"मॅडम, स्पेसनं सरकवलीसा," ती म्हणाली. "सरका, मी करतो नीट."