रिट्रीव्हेबल की पर्मनंट? तिरक्या, जुन्या विहिरींसाठी पॅकर निवडताना

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात १९७६ पासून उत्पादन चालू आहे. आज तेथे वर्कओव्हरला (चालू विहिरीच्या दुरुस्तीला) येणाऱ्या बहुतेक विहिरी प्लॅटफॉर्मवरून तिरक्या गेलेल्या, गॅस लिफ्टवर (वायू सोडून तेल वर उचलण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या आणि दाब उतरलेल्या चुनखडकात उघडलेल्या असतात. अशा विहिरीचे कम्प्लिशन (उत्पादनासाठी आत बसवायची नळ्या-साधनांची जुळणी) ठरवताना पॅकर, म्हणजे तेल वर आणणारी नळी (ट्यूबिंग) आणि विहिरीचे पोलादी अस्तर (केसिंग) यांमधली जागा बंद करणारे साधन, रिट्रीव्हेबल (पुन्हा बाहेर काढता येणारा) घ्यावा की पर्मनंट (कायमचा), यावर बैठकीत हमखास मतभेद होतात. मला दोन्ही प्रकार बसवावे लागले आहेत आणि दोन्ही बाहेरही काढावे लागले आहेत. पुढील मत त्या अनुभवापुरते आहे. जमिनीवरच्या उथळ, सरळ विहिरी सांभाळणाऱ्यांना ते कदाचित पटणार नाही.

दाब धरण्याच्या बाबतीत दोघांत निवडीइतका फरक मला दिसलेला नाही. एपीआय ११डी१ या पॅकरच्या मानकाप्रमाणे दोन्ही पॅकर एकाच श्रेणीत तपासलेले असतील आणि रबर विहिरीच्या तापमानाला व गंधकयुक्त वायूला साजेसे असेल, तर गळतीच्या भीतीने एकाला बाद करण्याचे कारण नाही. फरक आहे तो पकडीत. पर्मनंट पॅकरच्या बिडाच्या स्लिप्स (केसिंगमध्ये रुतणारे दातेरी तुकडे) बसताना तडकतात आणि केसिंगला जवळजवळ सगळीकडून चावतात. रिट्रीव्हेबलच्या स्लिप्स सुट्या तुकड्यांच्या असतात आणि पुन्हा मागे सरकायच्या असल्याने त्यांच्या मागे-पुढे मोकळी जागा ठेवावीच लागते. ही मोकळी जागाच पुढे त्रास देते.

बसवण्याच्या कामात रिट्रीव्हेबल पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. हायड्रॉलिक पॅकर ट्यूबिंगबरोबरच आत जातो, टेलपाइपच्या (पॅकरखालच्या नळीच्या) निपलमध्ये (प्लग अडकवायच्या जागेत) प्लग बसवून दाब दिला की काम झाले. पर्मनंट पॅकर आधी इलेक्ट्रिक लाइनवर (विजेच्या तारेवरून सोडून) बसवायचा आणि मग सील असेंब्ली (पॅकरच्या आत बसणारा सीलचा संच) घेऊन ट्यूबिंग उतरवायचे, म्हणजे रिगचा वेळ जास्त लागतो. विहिरीचा कल उभ्या रेषेपासून साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेला की लाइन स्वतःच्या वजनाने खाली जात नाही. मग ट्रॅक्टर (साधन विहिरीत पुढे ढकलणारे यंत्र) तरी लावा, नाहीतर ड्रिलपाइपवर सेटिंग टूल घेऊन उतरा. जॅकअप रिगचे (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या रिगचे) दिवसाचे भाडे समोर असताना हा मुद्दा हलका नाही, आणि बैठकीत बहुतेक वेळा तोच जिंकतो.

माझे मत फिरले ते पॅकर काढण्याच्या वेळी. कॅटलॉगमध्ये लिहिलेले असते की सरळ वर ओढा, शिअर रिंग (ठरावीक ओढीला तुटणारी कडी) तुटेल, स्लिप्स आत जातील आणि पॅकर ट्यूबिंगबरोबर वर येईल. सरळ विहिरीत बहुतेक वेळा तसेच होते. तिरक्या विहिरीत मात्र ट्यूबिंग केसिंगच्या खालच्या बाजूला घासत पडलेले असते आणि वेट इंडिकेटरवर दिसणाऱ्या ओढीतला किती भाग पॅकरपर्यंत पोहोचतो, हे डेकवर उभ्या असलेल्या कोणालाही नक्की सांगता येत नाही. ड्रिलर ओव्हरपुल (ट्यूबिंगच्या वजनावरची जादा ओढ) वाढवत जातो, ट्यूबिंगच्या जोडाची मर्यादा जवळ येते आणि काटा पुन्हा जिथल्या तिथे येऊन थांबतो. एका विहिरीत ट्यूबिंग वर कापून, ड्रिलपाइपवर जार (जोराचा हिसका देणारे साधन) लावूनही पॅकर हलला नाही. अखेर वॉशओव्हर शूने (पॅकरभोवती फिरणाऱ्या दातेरी नळीने) स्लिप्स खरवडून तो बाहेर काढला. डेकवर धुतल्यावर पाहिले, तर वरच्या स्लिप्सच्या खाचांत गंज आणि स्केल दगडासारखे घट्ट बसले होते, आणि शिअर रिंग पूर्ण शाबूत होती. इतक्या दिवसांची ओढाताण तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

यावर कमी ताकदीची शिअर रिंग घ्या, असे सुचवले जाते. सूचना वरवर योग्य वाटते, पण चुनखडकाच्या विहिरीला ॲसिडचे काम अधूनमधून करावे लागते आणि थंड ॲसिड पंप केले की ट्यूबिंग आखडते. लुबिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये पॅकरमध्ये अडकलेल्या ट्यूबिंगचे जे गणित मांडले, त्यातला तापमानाचा एवढा एकच भाग घेतला तरी पुरे. साडेतीन इंची, फुटाला ९.२ पाउंडी ट्यूबिंग सरासरी ३० अंश सेल्सिअसने थंड झाले आणि दोन्ही टोकांना बांधलेले असले, तर पॅकरवर सुमारे १३ टनांची ओढ येते. पंपाच्या दाबाने ट्यूबिंग फुगते, त्यामुळे आणखी आखडते आणि ही ओढ वाढते. म्हणजे हलकी रिंग भर कामात तुटण्याची भीती, आणि भारी रिंग काढताना न तुटण्याची. मधला आकडा कागदावर निघतो, पण घर्षणाचा अंदाज चुकला की तोही निरुपयोगी ठरतो. पर्मनंट पॅकरच्या सीलबोअरमध्ये (आतल्या गुळगुळीत भोकात) सील खालीवर सरकू शकतात. २००० मीटर ट्यूबिंग तेवढेच थंड झाले तर पाऊण मीटरभर आखडेल. सील असेंब्ली त्या हिशेबाने लांब घेतली की तापमानाची ओढ पॅकरवर येतच नाही.

पर्मनंट पॅकर काढायचा म्हणजे मिलिंग (फिरत्या कटरने तो खरवडणे), आणि त्यावरचा आक्षेप खरा आहे. दाब उतरलेला खडक द्रव पितो, सर्क्युलेशन (पंप करून फिरवलेला द्रव) परत येत नाही, मग लोखंडाचा कीस वर आणायचा कसा? तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पर्मनंट पॅकर मिलिंग होईल असे गृहीत धरूनच घडवलेला असतो. वरच्या स्लिप्स गेल्या की त्याची पकड सुटते आणि खाली अडकवलेले रिट्रीव्हिंग टूल उरलेला सांगाडा वर आणते. त्यामुळे कीस आटोक्यात राहतो आणि बराचसा बास्केटमध्ये जमतो. अडकलेला रिट्रीव्हेबल मिल करावा लागला, तर त्याचे सुटे भाग मिलबरोबर गरगर फिरू लागतात. मिल फिरते, खोली मात्र वाढत नाही. मिलिंग दोघांच्याही नशिबी असू शकते. एकाच्या बाबतीत ते ठरवून येते, दुसऱ्याच्या बाबतीत रिग अडकल्यावर, आणि मे महिन्याच्या अखेरीस रिग अडकली तर पावसाळ्यापूर्वी ती हलवण्याचे वेळापत्रकही कोलमडते.

शिवाय पॅकर काढण्याची वेळ येते तरी किती वेळा? माझ्या पाहण्यातली बरीच वर्कओव्हर ट्यूबिंगच्या दुखण्यासाठी होती. भोक पडलेला जोड, गॅस लिफ्टचे खराब झालेले मँड्रेल (व्हॉल्व्ह बसवायचा भाग), असे काहीतरी. पर्मनंट पॅकर असेल तर टेलपाइपच्या निपलमध्ये प्लग टाकायचा, सील वर खेचून घ्यायचे, ट्यूबिंग बदलायचे. पॅकर जागेवर राहतो आणि खडक वरच्या द्रवापासून झाकलेला राहतो. उलट बाजू सांगायची तर सीलबोअरवर ओरखडे पडतात, स्केल चढते, आणि जुने बोअर नव्या सीलला नीट धरेलच असे नाही. पॉलिश मिल फिरवून काम भागल्याचे मी पाहिले आहे, न भागल्याचेही.

चाचणीपुरते कम्प्लिशन, स्क्वीझचे (सिमेंट दाबून भरण्याचे) काम किंवा लवकरच थर बदलायचा असलेली सरळ विहीर यांसाठी मी आजही रिट्रीव्हेबलच घेईन. तिरक्या विहिरीत एकाच फेरीत काम उरकण्याची सक्तीच असेल, तर ओढून सुटणाऱ्याऐवजी कापून सुटणारा प्रकार मागवावा, असे सुचवतो. त्यात शिअर रिंगवर भिस्त नसते. पॅकरच्या मधल्या नळीच्या (तिलाही मँड्रेल म्हणतात) ठरलेल्या भागात कटर चालवला की पॅकर सुटतो, आणि ॲसिडच्या वेळी आखडणारे ट्यूबिंगही त्याला अवेळी सोडवत नाही. खाचांत बसलेल्या गंजाचा प्रश्न मात्र उरतो, आणि मोठ्या कलात कटर खाली न्यायला ट्रॅक्टर किंवा कॉइल्ड ट्यूबिंग (रिळावर गुंडाळलेली सलग नळी) लागेलच, तो खर्च आधीच धरावा. कापण्याची ती जागा फार आखूड असते, म्हणून तिचे वरच्या निपलपासूनचे अंतर पॅकर उतरवण्यापूर्वी डेकवर टेपने मोजून विहिरीच्या फायलीत लिहून ठेवावे.