फितुराच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा : 'ॲक्ट ऑफ व्हायोलन्स' आणि दहा चित्रपटांचा एक संच

वॉर्नर या हॉलिवूडच्या कंपनीच्या 'फिल्म न्वार क्लासिक कलेक्शन'चा चौथा खंड 2007 मध्ये आला. फिल्म न्वार म्हणजे अंधाऱ्या छटांचे, गुन्ह्याभोवती फिरणारे त्या काळचे चित्रपट. पाच डीव्हीडी, प्रत्येकीवर दोन चित्रपट. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या माणसाची सूडकथा पाहायची म्हणून कुणी हा संच मागवणार असेल, तर आधीच सांगून ठेवतो : दहापैकी तसा चित्रपट एकच आहे, 'ॲक्ट ऑफ व्हायोलन्स'. पण त्या एकासाठीसुद्धा संच घ्यावा असा तो आहे.

आपल्या पोवाड्यांत फितुराच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही शिव्याशापांची. गडाचा दरवाजा त्यानं उघडला एवढंच आपल्याला कळतं. त्या रात्रीनंतर तो जेवला का, झोपला का, बायकोला काय म्हणाला, याच्याशी शाहिराला देणंघेणं नसतं. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन नेमका तिथं कॅमेरा नेऊन ठेवतो. फ्रँक एन्ली (व्हॅन हेफ्लिन) हा कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावातला घरबांधणीचा ठेकेदार. तरुण बायको, लहान मूल, गावात युद्धवीर म्हणून मान. त्याच्या मागावर न्यूयॉर्कहून निघालेला जो पार्कसन (रॉबर्ट रायन) एका पायानं लंगडा आहे. दोघं जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एकत्र होते.

सुरुवातीला श्रेयनामावली नाहीच. रात्रीचं शहर, लंगडत घाईनं जाणारा माणूस, खोली, पिस्तूल, मग बस, आणि पडद्यावर फक्त चित्रपटाचं नाव. कलाकारांची नावं सगळी शेवटी. 1948 च्या हॉलिवूडमध्ये हे नेहमीचं नव्हतं. पुढं लख्ख उन्हातलं गाव येतं, मेमोरियल डेचं, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाचं, संचलन चाललेलं असतं आणि पार्कसन पाय ओढत रस्ता ओलांडतो. मराठा सेंटर असलेल्या बेळगावात, किंवा खानापूर-निपाणीकडच्या घरटी एक फौजी असलेल्या गावांत, हे दृश्य वेगळं लागतं. बँड वाजतोय, लोक टाळ्या पिटताहेत आणि ज्याच्या अंगावर युद्ध अजून शिल्लक आहे त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. संवाद नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही.

चित्रपटाचा कस लागतो तो मात्र घरातल्या प्रसंगात. फ्रँक तळ्यावर मासे धरायला गेलेला असतो. लंगडा माणूस आपली चौकशी करतोय हे कळताच तो सहल टाकून घरी येतो, पडदे ओढतो, दिवे मालवतो, बायकोला गप्प राहायला सांगतो. बाहेर पावलांचा आवाज येतो. एक पाऊल टेकतं, दुसरं फरपटतं. टेकतं, फरपटतं. आवाज घराला वळसा घालतो आणि हेफ्लिन अंधारात नुसता ऐकत बसतो. जॅनेट ली नवऱ्याकडं असं पाहते की या माणसाशी आपण लग्न केलंय हे तिला आत्ताच कळतंय. रॉबर्ट सर्टीस या छायाचित्रकारानं घरगुती स्वयंपाकघराची कोठडी करून टाकली आहे, आणि तीही आदळआपट न करता.

पुढं लॉस एंजेलिसमधल्या हॉटेलच्या जिन्यावर फ्रँक बायकोला खरं सांगतो. साथीदार भुयार खणून पळणार होते. ते जिवंत सुटणार नाहीत, त्यापेक्षा छावणीच्या जर्मन अधिकाऱ्याला सांगितलं तर ते वाचतील, असं आपल्याला वाटलं, हे तो आधी सांगतो. मग स्वतःच ते खोडून काढतो. भूक होती. खबरीच्या बदल्यात खायला मिळालं आणि बाहेर माणसं मरत असताना आपण खाल्लं. लेखक इथं त्याला माफी देत नाही आणि राक्षसही करत नाही. झिनेमनचे आईवडील ज्यूंच्या संहारात मारले गेले होते आणि याच्या जरा आधी तो जर्मनीच्या उद्ध्वस्त शहरांत 'द सर्च' चित्रित करून आला होता. छावणीचा एकही प्रसंग प्रत्यक्ष दाखवायचा नाही, तो फक्त सांगायचा, हा निर्णय म्हणूनच नेमका वाटतो.

दोषही आहेत. कबुलीनंतर फ्रँक लॉस एंजेलिसच्याच बंकर हिल या भागातल्या उताराच्या गल्ल्यांतून रात्रभर भटकतो. तिथं त्याला भेटणारी उतारवयाची बाई मेरी ॲस्टरनं अशी उभी केली आहे की चित्रपट काही वेळ तिचाच होतो. पण तिच्यामागून येणारा वकील आणि त्याचा मारेकरी ही मंडळी गरजेपुरती आणलेली आहेत. पार्कसनच्या प्रेयसीला, त्याला समजावण्यापलीकडं काम दिलेलं नाही. शेवट त्या काळच्या प्रॉडक्शन कोडच्या, म्हणजे हॉलिवूडनं स्वतःवर घातलेल्या नैतिक नियमांच्या, चौकटीतला आहे : अपराध्याचा हिशेब चुकता व्हायलाच हवा. झिनेमननं तेवढ्या जागेतही दोघांना माणूस ठेवलं, हे खरं. लांबी 82 मिनिटं. एका बैठकीत होतो.

आता डिस्कविषयी, कारण पैसे इथंच वाया जातात.

पहिली गोष्ट रीजन कोड, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा आकडा. हा अमेरिकी संच रीजन 1 चा. भारत रीजन 5 मध्ये येतो. साधा प्लेअर डिस्क नाकारेल. 'ऑल रीजन' किंवा 'मल्टी रीजन' लिहिलेला प्लेअर हवा. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. त्यामुळं घरातल्या हिंदी-मराठी डिस्क लावायच्या ड्राइव्हवर हा खेळ करू नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. 2006 ते 2008 या काळातल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून खराब होतात, हे कंपनीनं 2025 मध्ये मान्य केलं. 2007 चा हा संच त्याच काळातला. बिघाड आतल्या थरांत असल्यानं डिस्क वरून आरशासारखी स्वच्छ दिसते. पुसून, घासून, पॉलिश करून काही होत नाही. जुना संच घेताना 'ओरखडा नाही' या शब्दावर विसंबू नका. मेनू उघडला म्हणजे डिस्क चांगली, असंही नाही. पाचही डिस्कवरचे दोन्ही चित्रपट मधून आणि शेवटाकडून चालवून बघा, किंवा अख्खी डिस्क संगणकावर उतरवून घ्या. वाचता न येणारा भाग तिथं लगेच अडतो. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा, आणि परदेशातून मागवत असाल तर टपालखर्च व सीमाशुल्क धरूनच किंमत ठरवा.

टीव्हीवरची जुळवणी. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, म्हणून स्क्रीन 4:3 वर ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या असायलाच हव्यात. 'फुल' केलंत तर रॉबर्ट रायन आडवा सुटतो आणि त्याची भीती निघून जाते. 'व्हिविड' मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि मोशन स्मूदनिंग बंद. 'सिनेमा' मोड लावा, शार्पनेस शून्याजवळ आणा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलं असेल तर बारीक रेघांच्या कोटावर पुसट रंग लहरताना दिसतील. ती चित्रपटाची चूक नाही, वायरीतून रंग आणि उजेडाचा सिग्नल एकत्र येतो म्हणून तसं होतं. एचडीएमआय लावा, ते नसेल तर टीव्हीचा रंग सरळ शून्य करा, कृष्णधवल चित्रपटात गमावण्यासारखं काही नाही. ब्राइटनेससाठी अंधाऱ्या घराचा प्रसंग थांबवून बघा : हेफ्लिनच्या खांद्याची कड भिंतीपासून जेमतेम सुटी दिसली पाहिजे. सगळं एकच काळं दिसलं तर दोन-तीन अंक वाढवा, काळं राखाडी झालं तर मागं या.

आणि दुपारी पाहू नका. कौलारू घरात एखादं काचेचं कौल असलं तरी तेवढा कवडसा या चित्रपटाची वाट लावायला पुरतो. तसंच आपल्याकडचा जुलै टाळा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना ते फरपटणारं पाऊल ऐकूच येत नाही, आणि तेच गेलं तर राहिलं काय? आवाज मोनो आहे. साउंडबारचा सराउंड बंद करा, म्हणजे बोलणं समोरून येईल. इंग्रजी सबटायटल आहेत, मराठी-कन्नड नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवायचा असेल तर छावणीत काय झालं ते आधी सांगू नका; जिन्यावरच्या प्रसंगाला थांबवून चार वाक्यांत सांगा, तेवढं पुरतं.

बाकीच्या नऊपैकी 'क्राइम वेव्ह'वरची, न्वारचे अभ्यासक एडी म्युलर आणि गुन्हेकथालेखक जेम्स एलरॉय यांची कॉमेंटरी (चित्रपट चालू असताना ऐकायचं भाष्य) मूळ चित्रपटाइतकीच ऐकण्यासारखी. 'मिस्टरी स्ट्रीट' 'ॲक्ट ऑफ व्हायोलन्स'च्याच डिस्कवर आहे. सांगाड्यावरून गुन्हा उकलणारी कथा, जॉन ऑल्टनचं छायाचित्रण, दुसऱ्या दिवशी पाहावा. 'दे लिव्ह बाय नाइट' आणि 'साइड स्ट्रीट' चांगलेच आहेत. 'डिकॉय' थोडा वेडा आहे, पण मजेचा. 'इललीगल' राहिला तरी चालेल.

सूडाचाच धागा पुढं धरायचा असेल तर याच मालिकेच्या पाचव्या खंडातला 'कॉर्नर्ड' (1945) घ्या. डिक पॉवेल हा कॅनडाचा वैमानिक, फ्रेंच बायकोच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या माणसाला शोधत ब्युनोस आयर्सपर्यंत जातो. कथेचा गुंता अती आहे, नावं लिहून ठेवावी लागतात. त्याहून सरस 'राइड द पिंक हॉर्स' (1947), पण तो या मालिकेत नाही, वेगळा घ्यावा लागतो. युद्धातल्या दोस्ताचा हिशेब चुकवायला आलेला रॉबर्ट माँटगोमेरी न्यू मेक्सिकोतल्या एका जत्रेच्या गावात उतरतो. तिथं शिमग्यासारखा भलामोठा पुतळा जाळतात, निम्मं गाव स्पॅनिश बोलतं आणि या तुसड्या पाहुण्याला त्यातलं अक्षर कळत नाही. एका भाषेत भाव करून दुसरीत पैसे मोजणाऱ्या आपल्या बाजारपेठांना ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. त्याला आसरा देणारा पाळणेवाला थॉमस गोमेझनं केला आहे. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. दोन्ही पाहणार असाल तर 'कॉर्नर्ड' आधी लावा.