खाजगी पार्किंगच्या पत्राला उत्तर देताना "गाडी मी चालवत होते" हे लिहू नका

यूकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय, त्यातही नव्याने आलेल्यांसाठी. एका खाजगी पार्किंग कंपनीने माझ्याकडून १७० पौंड उकळले. आजच्या भावाने वीस हजार रुपयांच्या घरात. तेही आठ तास गाडी उभी केली म्हणून, जी आठ तास तिथे उभीच नव्हती.

गेल्या वर्षी ३० ऑगस्टचा शनिवार. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. सकाळी भाज्या, फळं आणायला गेले, १८ पौंड ६५ पेन्सचं बिल झालं, घरी आले. दुपारी पेट्रोल भरलं. संध्याकाळी फुलं आणि नारळ राहिले म्हणून पुन्हा त्याच ठिकाणी गेले. दुकानांसमोरचं ते पार्किंग दोन तास फुकट आहे. मी दोन्ही वेळा मिळूनसुद्धा दोन तास थांबले नव्हते.

पत्र आलं त्यात लिहिलं होतं: आत १०:०९, बाहेर १८:३४, एकूण ८ तास २५ मिनिटं. १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०. खाली नंबर प्लेटचे दोन फोटो. सकाळचं येणं आणि संध्याकाळचं जाणं तेवढं धरलं होतं, मधलं जाणं-येणं गायब. कॅमेऱ्यांचा हा घोळ इथे जुना आहे, कंपन्यांना तो पुरता ठाऊक आहे, आणि तरी पत्रं निघतात. कारण बरेच जण ६० भरून मोकळे होतात.

नवरा तेच म्हणाला. "भर आणि सोड." मी नाही भरले. न केलेल्या गोष्टीचे पैसे मी का द्यायचे? आजही मला वाटतं मी तत्त्वाने बरोबर होते.

आता ती जागा सांगते जिथे सगळं हातातून गेलं.

कंपनीच्या वेबसाइटवर अपिलाचा फॉर्म होता. सुरुवातीलाच प्रश्न: तुम्ही कोण? ड्रायव्हर की गाडीचे रजिस्टर्ड कीपर, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो? इतका साधा प्रश्न, एखाद्या डॉक्टरच्या फॉर्मवर जन्मतारीख विचारावी तसा. मी ड्रायव्हरवर टिक केली. खालच्या चौकटीत सगळी हकीकत लिहिली, मी सकाळी गाडी घेऊन गेले, मी परत आले, मी पुन्हा गेले. दोन्ही बिलं जोडली. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं ना, की खरं ते स्पष्ट सांगितलं की पुढचा माणूस ऐकून घेतो.

ते पत्र तेव्हा माझ्या लॅपटॉपशेजारी उघडं पडलं होतं आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती: १५ सप्टेंबर. त्या तारखेकडे मी पत्ता आणि रेफरन्स नंबर टिपताना किती वेळा पाहिलं असेल. ती तारीखच माझी सुटका होती.

कायदा असा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्टने खाजगी जागेत गाडीचं चाक क्लॅम्पने अडकवून ठेवणं बंद केलं, आणि त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात पार्किंग कंपन्यांना एक हत्यार दिलं. ड्रायव्हर कोण हे माहीत नसेल तर पैसे रजिस्टर्ड कीपरकडे मागता येतात. पण त्याला अटी आहेत. काचेवर तिकीट लावलेलं नसेल, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याचा मामला असेल, तर कीपरला नोटीस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत पोचली पाहिजे. पोस्टाने पाठवलेली नोटीस टाकल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं धरतात. ३० ऑगस्टची मुदत १३ सप्टेंबरला संपली. माझी नोटीस निघालीच १५ला. कीपर म्हणून माझ्याकडून त्यांना एक पेनीही मागता आली नसती. ड्रायव्हर कोण होता हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खाजगी कंपनीला ते सांगायचं बंधन कोणावरही नाही.

ते मीच त्यांना लिहून दिलं. ड्रायव्हर कळला की १४ दिवसांचा प्रश्नच उरत नाही. मला राग याचा आहे की फॉर्म मुद्दाम तसा बनवलेला आहे. त्या टिकेचा परिणाम काय हे तिथे कुठेही लिहिलेलं नाही. शिकलेल्या, इंग्रजी येणाऱ्या, इथे आठ वर्षं टॅक्स भरणाऱ्या माणसाला हे कळू नये अशीच ती मांडणी आहे.

तेव्हा लिहायचं ते एवढंच: "मी या गाडीची रजिस्टर्ड कीपर म्हणून लिहीत आहे." पुढे "गाडी तिथे गेली", "गाडी परत आली". "मी पार्क केली" हे कुठेही नको. खोटं अजिबात बोलायचं नाही, फक्त चालक कोण ते सांगायचं नाही. आणि कृपा करून हे पोलिसांच्या पत्राला लावू नका. वेगमर्यादा मोडल्याचं पत्र आलं तर ड्रायव्हर सांगणं कायद्याने सक्तीचं आहे, न सांगणं हा वेगळा गुन्हा. कौन्सिलच्या पेनल्टी चार्ज नोटिसीलाही हे लागू नाही, तिथे गाडीचा मालकच जबाबदार असतो आणि अपील वेगळ्या ट्रिब्युनलकडे जातं. कौन्सिलचं आणि खाजगी कंपनीचं, ही दोन्ही पत्रं मुद्दाम सारखी दिसतात, दोन्हींवर पीसीएन असंच लिहिलेलं असतं. पाठवणारा कोण ते आधी बघा.

कंपनीने माझं अपील तीन ओळींत फेटाळलं. मग स्वतंत्र म्हणवणाऱ्या संस्थेकडे गेले. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटना आहेत, बीपीए आणि आयपीसी. कंपनी बीपीएची सभासद असेल तर अपील पॉपला या संस्थेकडे जातं, आयपीसीची असेल तर आयएएसकडे, यांपैकी माझी कुठली ते सांगत नाही. पेट्रोलचं बिल दिलं होतं, १३:५२, ४१ पौंड ०७ पेन्स, पंप त्या पार्किंगपासून पाच मैलांवर. उत्तर काय आलं? बिलावरून कार्ड तिथे वापरलं हे सिद्ध होतं, गाडी तिथे होती हे नाही. मी पेट्रोल काय पातेल्यात घेऊन गेले? तोवर ६०ची सवलत गेली होती आणि रक्कम पूर्ण १०० झाली होती.

मग मी सगळीकडे फिरले. दुकानाचा मॅनेजर म्हणाला, लगेच आला असतात तर रद्द करायला सांगितलं असतं, आता प्रकरण पुढे गेलं. (म्हणून पत्र आल्याच्या दिवशीच दुकानात जा. बिल दाखवा. जागा त्यांच्यासाठी चालवली जाते, त्यांचा शब्द चालतो.) पोलिसांच्या १०१ नंबरवर सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. कौन्सिल म्हणे ती जागा आमची नाही. जागेची देखभाल करणाऱ्या एजन्सीने मला परत त्याच कंपनीचा ईमेल पाठवला. खासदारांच्या कार्यालयातून दोन पानी पत्र आलं, त्यात सरकार पार्किंग कंपन्यांसाठी आचारसंहिता आणणार आहे असं होतं.

ही आचारसंहिता कधीची आहे माहितीय? त्यासाठीचा कायदा २०१९ साली झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये संहिता जाहीर झाली, तिच्यात वसुलीच्या वाढीव फीवर बंदी होती. पार्किंग कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. जुलै २०२५मध्ये पुन्हा जनतेची मतं मागवायला सुरुवात. दरम्यान जी संहिता लागू आहे ती या धंद्यातल्याच दोन संघटनांनी मिळून २०२४मध्ये लिहिलेली आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि आपला पत्ता त्यांना मिळतो कसा? डीव्हीएलए, म्हणजे वाहन नोंदणीचं सरकारी खातं, प्रत्येक नोंदीमागे अडीच पौंड घेऊन देतं. सरकार पत्ता देणार, आणि तक्रार घेऊन गेलं की ही दिवाणी बाब.

नोव्हेंबरपासून वसुलीवाल्यांची पत्रं सुरू झाली. लाल अक्षरं, वर ७० पौंड, एकूण १७०. हे लोक बेलिफ नाहीत, घरात शिरू शकत नाहीत, तुमचं काही जप्त करू शकत नाहीत. त्यांना घाबरू नका. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण जानेवारीत दावा लावण्याआधीचं पत्र आलं आणि मार्चमध्ये आमच्या घराच्या कर्जाचा फिक्स, म्हणजे ठरावीक व्याजदराचा काळ, संपणार होता. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला आणि महिन्यात पैसे भरले नाहीत तर सीसीजे (काउंटी कोर्टाचा तो निकाल) सहा वर्षं क्रेडिट रिपोर्टवर राहतो. दोन मुलं, डोक्यावर कर्ज, अशा वेळी १७० पौंडांसाठी तो धोका मी घेतला नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्या, पण कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर तो कधीही ड्रॉवरमध्ये टाकू नका. १४ दिवसांत पोच द्या, म्हणजे बचाव लिहायला एकूण २८ दिवस मिळतात. आणि घर बदललं की गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता त्याच आठवड्यात बदला. भाड्याने राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि त्यांना निकाल लागल्यावरच कळतं.

"ही पत्रं फाडून टाका, काही होत नाही" असं सांगणारे काका प्रत्येक मंडळात भेटतात. त्यांचं ऐकू नका. २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने चेम्सफर्डच्या एका प्रकरणात ५६ मिनिटं जास्त थांबल्याबद्दलचे ८५ पौंड वैध ठरवले, तेव्हापासून या कंपन्या बिनधास्त कोर्टात जातात. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१२चा तो कीपरचा नियम लागू नाही, तिथे ड्रायव्हर न सांगणं आणखी महत्त्वाचं.

पैसे भरल्यावर मी कंपनीकडे माहितीचा अर्ज केला, त्या दिवशी माझ्या नंबर प्लेटचे जेवढे फोटो असतील तेवढे द्या म्हणून. फाइल आली. त्यात चार फोटो होते. १०:४७ला बाहेर पडतानाचा, प्लेटचा डावा कोपरा पुढच्या गाडीने झाकलेला. १७:५८ला परत आत येतानाचा, स्वच्छ. हे सगळं त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. पैसे परत मागितले तर प्रकरण बंद झाल्याचं उत्तर आलं. मी आता छोट्या रकमेचा दावा लावायची तयारी करतेय, १७० आणि कोर्टाची फी.

तुम्हाला पत्र आलं तर अपील लिहायच्याही आधी हा अर्ज टाका, कीपर म्हणूनच. त्याला पैसे लागत नाहीत आणि उत्तर त्यांना साधारण महिनाभरात द्यावं लागतं. अपिलाची मुदत मात्र त्यासाठी थांबत नाही, ती तारीख वेगळी लिहून ठेवा.