जुन्या एक्स्कॅव्हेटरचा फॉल्ट कोड: मॉनिटरवर वाचावा की स्कॅनर लावावा?

केबिनमधल्या मॉनिटरवर एसपीएन 157, एफएमआय 3 दिसलं, तर पहिला आकडा जागा सांगतो (इथे फ्युएल रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब), दुसरा दोषाचा प्रकार. 3 म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जास्त, 4 म्हणजे कमी. अशा वेळी सेन्सर बदलायची घाई नको. आधी कनेक्टरच्या पिना, गंज, घासलेली वायर बघा. एवढ्याला मॉनिटर पुरतो.

एफएमआय 1 किंवा 18 आला, म्हणजे प्रेशरच कमी, तर स्कॅनर (मशीनला जोडून इंजिनची माहिती वाचणारं यंत्र) हवाच. लोड देऊन इंजिनच्या कॉम्प्युटरने (ईसीएम) मागितलेलं आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर शेजारीशेजारी बघा. तफावत असेल तर आधी फिल्टर, सक्शन लाइनमधली हवा, मग इंजेक्टरचं रिटर्न (त्यातून टाकीकडे परत जाणारं डिझेल). पंप सगळ्यात शेवटी.

मशीन विकत घेताना मॉनिटरवर विसंबू नका. स्कॅनर लावला की ईसीएममध्ये जुने कोड, ते कितीदा आणि कोणत्या तासाला आले, हे बऱ्याचदा सापडतं.