वीट आला आणि वीट आली

वेब ॲपच्या फाइली जुळवून ते चालवून दाखवणारं एक टूल आहे. स्पेलिंग व्ही-आय-टी-ई. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक 'व्हाइट' म्हणतात, पण उच्चार 'वीट'. फ्रेंचमध्ये अर्थ झटपट. आपली मात्र वेगळीच सोय झाली: त्याच कामाच्या जुन्या टूलचा, क्रिएट रिॲक्ट ॲपचा, वीट आला आणि वीट आली.

गेलेल्याबद्दल आधी बरं बोलून घेते. २०१६ च्या आधी रिॲक्ट (वेब ॲपचे पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकायला बसलं की पहिले काही दिवस फाइलींचा गठ्ठा बांधणारं वेबपॅक आणि नवा कोड जुन्या ब्राउझरला कळेल असा करणारं बेबल जुळवण्यातच जायचे. क्रिएट रिॲक्ट ॲपनं एका कमांडवर ते सगळं पोटात घातलं. सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्यासाठी पोत्यांचा हिशेब ठेवणारं ॲप मी २०१९ मध्ये त्यावरच उभं केलं. कॉन्फिगची एक फाइल उघडावी लागली नाही. (उघडायचीच तर आतली कॉन्फिग बाहेर काढणारी 'इजेक्ट' कमांड होती, पण त्या वाटेनं गेलेला परत येत नाही.)

त्याच्या पोटातल्या रिॲक्ट-स्क्रिप्ट्स पॅकेजचं ५.०.१ व्हर्जन एप्रिल २०२२ मध्ये आलं, मग सामसूम. डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्ट १९ आलं आणि नवं ॲप काढताना इन्स्टॉलच 'ईरिझॉल्व्ह' (लायब्रऱ्यांची व्हर्जनं जुळत नाहीत) म्हणत आपटायला लागलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला रिॲक्टवाल्यांनीच क्रिएट रिॲक्ट ॲप अधिकृतपणे निवृत्त केलं. मुहूर्त बघा!

आता वीट. रिॲक्टची स्पर्धक लायब्ररी व्ह्यू लिहिणाऱ्या इव्हान यूनं २०२० मध्ये काढली, म्हणजे व्ह्यूवाल्या घरातली, पण रिॲक्टशी छान जमवून घेते. जुन्या पद्धतीत वेबपॅक आधी सगळ्या फाइलींचा गठ्ठा बांधणार, मगच ब्राउझरला देणार. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर तेवढ्यात चहा उकळायचा. वीट लायब्रऱ्या एकदाच आवळून ठेवते आणि आपल्या फाइली ब्राउझर मागेल तशा एकेक पुढे करते. पंगत बसायच्या आधी सगळी ताटं भरून ठेवायची, की बसेल त्याला वाढायचं, एवढाच फरक. पण टर्मिनलवर सेकंदाच्या आत 'रेडी' दिसलं तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय.

हळदीचं ॲप वीटवर हलवायला एक दुपार गेली. इंडेक्स एचटीएमएल 'पब्लिक'मधून बाहेर काढायची, जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं एचटीएमएलसारखं मार्कअप) असलेल्या फाइलींचं एक्स्टेन्शन बदलायचं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंगच्या) नावातलं 'रिॲक्ट_ॲप_' जाऊन 'वीट_' आणायचं. पोर्ट ३००० चं ५१७३ होतं (रोमन पाच म्हणजे व्ही, पुढचे १७३ इंग्रजी आकड्यांत आयटीईसारखे दिसतात म्हणे). माझ्या सर्व्हरला फक्त ३००० ओळखीचं, त्यामुळे पहिली एरर कॉर्सची, म्हणजे सर्व्हरनं परवानगी न दिलेल्या पत्त्याला ब्राउझरनं अडवल्याची.

खरी फजिती पुढे. जुनं तयार ॲप 'बिल्ड' फोल्डरमध्ये पडायचं, वीट ते 'डिस्ट'मध्ये टाकते. माझी अपलोडची स्क्रिप्ट इमानानं जुनं 'बिल्ड'च वर चढवत राहिली. "मॅडम, पावतीवर अजून जुनाच दर येतोय," असे तीन फोन आले, आणि मी शेठना कॅशे साफ करायला सांगत बसले.

तक्रारी आहेत. टेस्ट आयत्या मिळत नाहीत, टेस्ट चालवणारं व्हीटेस्ट वेगळं बसवावं लागतं. टाइपस्क्रिप्टच्या (टाइप लिहून ठेवायच्या जावास्क्रिप्टच्या) चुकाही वीट तपासत नाही, टाइप नुसते पुसून पुढे जाते. बिल्डच्या आधी टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) स्वतः चालवा. तरी नव्या कामाला हीच घ्या.

माझी दोन जुनी ॲप अजून क्रिएट रिॲक्ट ॲपच्या चौथ्या व्हर्जनवर आहेत. चालतायत. त्यांच्यासाठी लॅपटॉपवर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) १६ राखून ठेवलंय. १७ वर नेलं की ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या नावानं शंख करतात.